पडत्या भावातली रोकड

धरमपेठ, नागपूर

चि. सई,


तुझ्या प्रश्नाला फोनवर धड उत्तर देता आलं नसतं, म्हणून कागद घेतला. पगारातून साठवलेले पहिले पैसे तू तेल कंपन्यांच्या शेअरमध्ये घातलेस. आता विचारतेस, तेलाचा भाव पडला की एक कंपनी बायबॅक, म्हणजे स्वतःचेच शेअर परत विकत घेणं, थांबवते, दुसरी कर्ज काढून लाभांश देते, तिसरीचे हजारो कोटी बँकेत पडून राहतात, यांत शहाणी कोणती? पुढे लिहिलंस की पैसा पडू देणारी कंपनी आळशी, असं तुमच्या ऑफिसात सगळेच म्हणतात. ते वाक्य वाचून मी अस्वस्थ झाले. एवढं लांब पत्र त्यासाठीच लिहिते आहे.

माझी सगळी नोकरी बँकेच्या कर्ज विभागात गेली आणि तीही विदर्भात. खदानी, जिनिंग-प्रेसिंगचे कारखाने, संत्र्याचे व्यापारी, फेरोअलॉयच्या भट्ट्या हे आमचे खातेदार. माल त्यांचा, मेहनत त्यांची, भाव मात्र दुसरीकडे कुठेतरी ठरायचा. तेलाचंही तसंच आहे. साबण बनवणाऱ्या कंपनीचा खर्च वाढला तर ती वडीमागे दोन रुपये वाढवते, नाहीतर भाव तोच ठेवून वडी लहान करते. तेल काढणाऱ्या कंपनीला यातलं काहीच करता येत नाही. जगात त्या दिवशी जो भाव असेल त्याच्या आसपास तिला पिंप विकावं लागतं. म्हणून तिची रोकड, तिचं कर्ज आणि तिचा बायबॅक साबणाच्या कंपनीच्या मापाने मोजता येत नाही. तुझ्या ऑफिसातली मंडळी नेमकं तेच करताहेत.

हे समजून घ्यायला परदेशातली उदाहरणं लागतील, पण आधी आपल्या गावातलं सांगते. काटोल रोडवर मॉईल भवन आहे, तुला आठवत असेल. नावात ऑईल ऐकू आलं तरी त्या कंपनीचा तेलाशी संबंध नाही, ती मँगनीज काढते. १८९६ साली एका ब्रिटिश सिंडिकेटने मध्य प्रांतात मँगनीजचा शोध सुरू केला, त्यातून सेंट्रल प्रॉव्हिन्सेस मँगनीज ओर कंपनी उभी राहिली. १९६२ मध्ये केंद्र सरकार, महाराष्ट्र आणि मध्य प्रदेश यांनी मिळून ५१ टक्के हिस्सा घेतला आणि मॉईलचा जन्म झाला. उरलेले ४९ टक्के १९७७ मध्ये घेतले गेले. रामटेकच्या वाटेवर कांद्री, मनसर, बेलडोंगरी, सावनेर तालुक्यात गुमगाव, भंडारा जिल्ह्यात चिखला आणि डोंगरी बुजुर्ग, पलीकडे बालाघाट जिल्ह्यात भरवेली, उकवा, तिरोडी अशा तिच्या खदानी आहेत. भरवेलीची खदान आशियातल्या सर्वांत खोल मँगनीज खदानींत गणली जाते.

मँगनीजचा बहुतेक सगळा माल पोलादासाठी जातो. पोलादातला प्राणवायू आणि गंधक काढायला आणि त्याला कणखरपणा द्यायला मँगनीज लागतंच. त्यामुळे मनसरच्या दगडाला किती पैसे मिळतील हे चीनमधल्या पोलाद कारखान्यांची भूक आणि दक्षिण आफ्रिका, ऑस्ट्रेलिया, गॅबॉन इथून बंदरावर आलेला माल यांवर ठरतं. २०२४ च्या मार्चमध्ये ऑस्ट्रेलियातल्या ग्रूट आयलंट बेटावरचा धक्का मेगन चक्रीवादळात मोडला, तिथली निर्यात थांबली आणि जगभर मँगनीजचा भाव चढला. आपल्या रामटेकच्या बाजूला कोणी काही वेगळं केलं नव्हतं. हे उलट्या दिशेनेही घडतं, आणि २०१५ मध्ये ते फार वाईट घडलं.

त्या सुमारास तेल आणि मँगनीज बरोबरच कोसळले. जून २०१४ मध्ये ब्रेंट तेलाचं पिंप ११५ डॉलरच्या घरात होतं, ते जानेवारी २०१६ मध्ये ३० डॉलरच्या खाली गेलं. चांगल्या प्रतीच्या मँगनीजचा भाव २०१६ च्या सुरुवातीला टनातल्या एक टक्का मँगनीजमागे दोन डॉलरच्याही खाली उतरला. तो मोजायची रीतच तशी आहे. मॉईलला दर तिमाहीला आपले दर खाली आणावे लागले. २०१४-१५ मध्ये करानंतरचा नफा सुमारे ४२८ कोटी होता, तो २०१५-१६ मध्ये १७३ कोटींवर आला. आणि त्या १७३ कोटींतलाही मोठा भाग मँगनीज विकून आलेला नव्हता, बँकेतल्या ठेवींच्या व्याजाचा होता. कंपनीच्या गंगाजळीत तेव्हा अडीच हजार कोटींहून जास्त रोकड होती आणि डोक्यावर कर्ज नव्हतं.

आळशी म्हणतात तो हाच पैसा.

त्या वर्षी पश्चिम ऑस्ट्रेलियातली वुडी वुडी ही जुनी मँगनीज खाण बंद करून ठेवावी लागली. आपल्या खदानी चालू राहिल्या. २०१५-१६ मध्ये दहा लाख टनांहून अधिक माल निघाला. पगार झाले, पाळ्या चालल्या, जमिनीखालचं काम थांबलं नाही. भूमिगत खदान दुकानाच्या शटरसारखी बंद करून उघडता येत नाही. पाण्याचा उपसा थांबला तर भुयारं भरतात, लाकडी टेकू सडतात, लोखंडी गंजतात, अनुभवी कामगार दुसरीकडे निघून जातात, आणि भाव परत आला तेव्हा माल काढायला वर्ष-वर्ष लागतं. आपल्या भागाने हे १९३० नंतरच्या महामंदीत पाहिलं आहे. तेव्हा मध्य प्रांतातल्या कित्येक मँगनीज खाणी बंद पडल्या होत्या.

आपल्याकडच्या कापूस उत्पादकाचं बघ, म्हणजे कर्जाचा यात काय संबंध ते लगेच कळेल. दिवाळीच्या आसपास पहिला वेचा घरात येतो तेव्हा सगळ्यांचाच कापूस एकदम बाजारात येतो आणि भाव पडलेला असतो. ज्याच्या डोक्यावर सावकाराचं किंवा कृषी केंद्राचं देणं आहे तो तेव्हाच विकतो, त्याला थांबायची मुभा नसते. ज्याच्यावर देणं नाही तो कापूस घरातल्या खोलीत दाबून ठेवतो आणि फेब्रुवारी-मार्चमध्ये भाव बघून काढतो. दोघांची जमीन तीच, वाण तेच, पाऊस तोच. कधी विकायचं हे एकाच्या हातात असतं, दुसऱ्याचं त्याचा सावकार ठरवतो. यवतमाळ, वर्ध्यात असे किती हिशेब मी कागदावर पाहिले! मॉईलची रोकड म्हणजे ही थांबायची मुभा. तिची किंमत व्याजाच्या दराने मोजता येत नाही, कारण ती लागते तेव्हा ती कोणी उसनी देत नाही.

उसनी देत नाही हे मी बँकेच्या बाजूने सांगते आहे. २००८ च्या उन्हाळ्यात मँगनीज आणि फेरोअलॉयचे भाव आकाशाला भिडले होते. आमच्या एका खातेदाराने, नाव लिहीत नाही, त्या भावाच्या जोरावर नवी भट्टी उभी करायला मोठं कर्ज उचललं. प्रकल्प अहवालात पुढची सात वर्षं तोच भाव धरलेला होता. सप्टेंबरमध्ये अमेरिकेतली लेहमन ब्रदर्स बुडाली आणि महिन्या-दोन महिन्यांत भाव निम्म्याखाली आला. तारण ठेवलेला साठा तोच होता, पण त्याची किंमत कमी झाली, म्हणून नियमाप्रमाणे त्याची कॅश क्रेडिटची मर्यादा आम्हाला कमी करावी लागली. त्याला पैशाची सर्वांत जास्त गरज होती तेव्हाच बँकेने हात आखडला. यात कोणाचा दुष्टपणा नव्हता. तारणावरचं कर्ज असंच चालतं: भाव चढला की बँक आणखी द्यायला तयार, भाव पडला की परत मागायला तयार. भाव दुसऱ्याच्या हातात असलेल्या धंद्याने तेजीत काढलेलं कर्ज मंदीत फेडावं लागतं, आणि तेजीत ते किती सोपं वाटतं हे मी समोरच्या खुर्चीतून पाहिलं आहे.

आता तेलाकडे येते. भाव पडल्यावर मोठ्या तेल कंपन्या जे करतात त्याचा क्रम बहुतेक ठरलेला असतो. आधी नव्या विहिरी आणि नवे प्रकल्प पुढे ढकलतात. मग बायबॅक थांबवतात, कारण बायबॅक थांबला तर कोणी फारसं ओरडत नाही. मग मालमत्ता विकतात, कर्ज काढतात. लाभांशाला हात अगदी शेवटी लावतात. २०२० मध्ये हे सगळं काही आठवड्यांत घडलं. २० एप्रिलला अमेरिकेतल्या तेलाच्या वायद्याचा भाव शून्याखाली, उणे ३७ डॉलरपर्यंत गेला. मार्चमध्येच शेवरॉन आणि शेलने बायबॅक थांबवले होते. ३० एप्रिलला शेलने तिमाही लाभांश ४७ सेंटवरून १६ सेंटवर आणला. दुसऱ्या महायुद्धानंतर त्या कंपनीने लाभांश कमी करण्याची ती पहिली वेळ. एक्सॉनमोबिलने उलट वाट धरली: भांडवली खर्च ३३ अब्ज डॉलरवरून २३ अब्जांवर आणला, पण वर्षाचा जवळजवळ १५ अब्जांचा लाभांश सोडला नाही. त्यासाठी कर्ज काढलं. एका वर्षात तिचं कर्ज सुमारे ४७ अब्जांवरून ६८ अब्जांवर गेलं आणि त्या वर्षी २२ अब्जांहून अधिक तोटा झाला. पुढे २०२२ मध्ये भाव चढले, ५५ अब्जांहून जास्त नफा झाला आणि ते कर्ज फिटलं. म्हणून लोक म्हणतात की एक्सॉनचा निर्णय बरोबर ठरला. मला तसं म्हणवत नाही. भाव दोन वर्षांत परत येईल हे २०२० मध्ये कोणालाही माहीत नव्हतं.

एक्सॉनची त्याआधीची गोष्ट मला जास्त महत्त्वाची वाटते. तेल महाग होतं त्या वर्षांत या कंपनीने शेअर परत घेण्यावर अक्षरशः शेकडो अब्ज डॉलर घातले. २०१६ मध्ये तेल तळाला गेलं आणि शेअर स्वस्त झाला, तेव्हा बायबॅक जवळपास बंद केला. त्याच एप्रिलमध्ये स्टँडर्ड अँड पुअर्सने तिचं महामंदीच्या काळापासूनचं सर्वोच्च पतमानांकन काढून घेतलं. कर्ज वाढलं आहे आणि भागधारकांना दिलेला पैसा धंद्यातून आलेल्या पैशापेक्षा जास्त आहे, असं कारण त्यांनी दिलं. म्हणजे महाग असताना विकत घेतलं आणि स्वस्त झाल्यावर हात बांधलेले. बहुतेक तेल कंपन्यांचा बायबॅक असाच असतो, कारण पैसा तेजीतच येतो आणि तो खिशात असला की द्यावासा वाटतो. स्वस्तात शेअर घ्यायचे तर मंदीत रोकड लागते, आणि ती ठेवण्यालाच तुमच्या ऑफिसात आळस म्हणतात.

तुझ्या यादीबद्दल इथेच एक सांगून ठेवते. तू ओएनजीसी आणि हिंदुस्तान पेट्रोलियम दोन्ही घेतल्यास आणि दोन्हींना तेल कंपनी म्हणतेस. पहिली विहिरीतून तेल काढते, दुसरी तेल विकत घेऊन शुद्ध करून पंपावर विकते. कच्चं तेल पडलं की पहिलीची मंदी सुरू होते. दुसरीला साठ्याच्या किमतीत एकदा फटका बसतो, पण नंतर खेळतं भांडवल कमी लागतं आणि पंपावरचा नफा सुटतो. तिचं संकट तेल महाग झाल्यावर येतं. २०२२ मध्ये पेट्रोल-डिझेलचे दर गोठलेले होते आणि तेल चढलेलं होतं, तेव्हा इंडियन ऑइल, भारत पेट्रोलियम आणि हिंदुस्तान पेट्रोलियम यांना मिळून सहा महिन्यांत एकवीस हजार कोटींहून अधिक तोटा झाला, आणि घरगुती गॅसपोटी सरकारला २२ हजार कोटी द्यावे लागले. तेव्हा दोघींचे ताळेबंद शेजारी ठेवून तुलना करू नकोस.

ओएनजीसीची गोष्ट मात्र लक्ष देऊन वाच. १९७४ च्या फेब्रुवारीत मुंबईजवळच्या समुद्रात सागर सम्राट या ड्रिलिंग रिगला तेल लागलं आणि आपल्या किनाऱ्यासमोरचं मुंबई हाय हे क्षेत्र देशाचा सर्वांत मोठा आधार झालं. जगात तेल शंभर डॉलरच्या वर होतं तेव्हाही ओएनजीसीला तेजी पूर्ण मिळाली नाही. डिझेल, रॉकेल आणि गॅसच्या सवलतीचा भार तिला उचलावा लागायचा. एकट्या २०१३-१४ मध्ये तो ५६ हजार कोटींच्या वर होता, आणि सवलत वजा जाता पिंपामागे सुमारे ४१ डॉलर हातात पडले. तरीही कंपनी जवळजवळ कर्जमुक्त होती. मग जानेवारी २०१८ मध्ये सरकारचा हिंदुस्तान पेट्रोलियममधला ५१ टक्के हिस्सा तिने ३६,९१५ कोटींना घेतला. त्यासाठी सुमारे २५ हजार कोटींचं कर्ज काढलं, साठवलेली रोकड गेली. त्याच वर्षाच्या अखेरीस १५९ रुपये दराने चार हजार कोटींचा बायबॅकही जाहीर झाला. सव्वा वर्षात कोविड आला. मार्च २०२० च्या तिमाहीत ओएनजीसीला ३,०९८ कोटींचा तोटा झाला. त्याचं मोठं कारण कोसळलेल्या भावाने मालमत्तेची किंमत कमी धरावी लागणं हे होतं. पण हे सोसायला पूर्वीची गंगाजळी उरलेली नव्हती. ती निसर्गाने किंवा बाजाराने नेली नव्हती, मालकाने नेली होती. सरकारला त्या वर्षी निर्गुंतवणुकीचा आकडा गाठायचा होता. मला याचं वाईट वाटतं. देशाच्या विहिरींसाठी साठवलेला पैसा देशाच्याच अंदाजपत्रकाची एका वर्षाची फट बुजवायला जावा, हे मला पटत नाही.

मॉईलच्या बाबतीतही मालक तोच होता, पण निकाल वेगळा लागला. तो नीट बघ, कारण माझ्या म्हणण्याची दुसरी बाजू त्यात आहे.

मे २०१६ मध्ये केंद्राच्या अर्थ मंत्रालयातल्या गुंतवणूक विभागाने, ज्याला दीपम म्हणतात, सगळ्या सरकारी कंपन्यांना एक नियम घालून दिला. ज्या कंपनीची नक्त मालमत्ता दोन हजार कोटींच्या वर आणि रोकड हजार कोटींच्या वर, तिने शेअर परत घ्यावेत. नफ्याच्या ३० टक्के किंवा नक्त मालमत्तेच्या ५ टक्के, यांत जे जास्त असेल तेवढा लाभांश दरवर्षी द्यावा. मॉईल या नियमात बसली. त्याच वर्षी तिने सुमारे ३ कोटी ४८ लाख शेअर २४८ रुपयांना परत घेतले आणि ८६३ कोटींच्या आसपास रक्कम दिली. त्यातला बहुतांश पैसा सरकारकडे गेला. २०१० मध्ये हाच शेअर लोकांनी ३७५ रुपयांना घेतला होता. तेव्हा ते पैसेही कंपनीला नव्हे, शेअर विकणाऱ्या तिन्ही सरकारांना मिळाले होते. नागपुरातल्या कित्येक घरांत तो पहिला शेअर होता. मंदीच्या ऐन मध्यावर कंपनीची एक तृतीयांश रोकड बाहेर काढली, म्हणून आमच्या ओळखीतल्या लोकांनी नाराजी व्यक्त केली. मलाही ते धोक्याचं वाटलं होतं.

पण २०१६ च्या उत्तरार्धात मँगनीज उसळलं. वर्ष संपताना भाव तळापेक्षा चौपटीहून वर होता. जानेवारी २०१७ मध्ये सरकारने मॉईलचे आणखी १० टक्के शेअर बाजारात विकले, त्याची किमान किंमत ३६५ रुपये होती. सई, हे दोन आकडे एकमेकांशेजारी लिही. ज्या मालकाने कंपनीला २४८ ला शेअर विकले, त्याच मालकाने काही महिन्यांनी लोकांना ३६५ ला विकले. कंपनीने तळाजवळ विकत घेतलं होतं. जे भागधारक विकायला गेले नाहीत, त्यांचा प्रत्येक शेअरमागचा हिस्सा स्वस्तात वाढला. उधारी न करता, खदान न थांबवता, स्वतःच्या साठवलेल्या पैशातून हे झालं. तेजीत बायबॅक करून मंदीत थांबणाऱ्या मोठ्या तेल कंपन्यांना जे जमत नाही ते आपल्या काटोल रोडच्या कंपनीकडून घडलं, ते नियमाच्या सक्तीने का होईना. २०२२ च्या सुरुवातीलाही तिने २०५ रुपयांनी सुमारे ६९४ कोटींचे शेअर परत घेतले. मधल्या काळात एकास एक बोनस दिला गेला होता, त्यामुळे हा दर आधीच्या २४८ शी तसाच ताडून बघू नकोस.

मग नियम चांगला होता का? माझं मत असं की निकाल चांगला लागला म्हणून नियम चांगला ठरत नाही. तो नियम रोकड किती आहे एवढंच विचारत होता. भाव ठरवणारी कंपनी आणि भाव झेलणारी कंपनी यांत तो फरक करत नव्हता. ज्या कंपनीचा नफा एका वर्षात ४२८ चा १७३ होतो तिला हजार कोटी हा साठा वेगळ्या अर्थाने लागतो, आणि जिचं उत्पन्न दरवर्षी ठरलेलं आहे तिला वेगळ्या अर्थाने. नोव्हेंबर २०२४ मध्ये हे नियम बदलले. आता नक्त मालमत्ता तीन हजार कोटी, रोकड दीड हजार कोटी, आणि शेअरचा बाजारभाव सलग सहा महिने पुस्तकी किमतीखाली असेल तर बायबॅकचा विचार करावा, असं आहे. स्वस्त आहे का हा प्रश्न निदान त्यात आला, याचं मला समाधान आहे. धंद्याची चढउतार किती हा प्रश्न अजून आलेला नाही.

भागधारकांसारखाच खदानीलाही साठवलेल्या पैशावर हक्क आहे. बालाघाटला ७५० मीटरपर्यंत जाणारा नवा शाफ्ट, गुमगावचा दुसरा शाफ्ट, ही कामं एका तेजीत सुरू होतात आणि दुसरी मंदी ओलांडून पूर्ण होतात. वरचा दगड संपत आलेला आहे, पुढची पन्नास वर्षं खाली आहेत. मॉईलने २०२४-२५ मध्ये १८ लाख टनांचं उत्पादन काढलं, तोवरचं सर्वांत जास्त. बायबॅक झाले, लाभांश गेले, आणि तरी हे काम कर्जाशिवाय चाललं, म्हणून मी या कंपनीबद्दल आदराने लिहिते आहे. ओएनजीसीलाही जुन्या होत चाललेल्या मुंबई हायच्या विहिरींवर असाच सतत खर्च करावा लागतो. तो एक-दोन वर्षं टाळला तर नफा छान दिसतो आणि नंतर उत्पादन गळतं. भाव पडलेला असताना भांडवली खर्च निम्म्यावर आणून बायबॅक चालू ठेवणारी कंपनी दिसली तर जपून राहा.

कायद्याची थोडी माहिती, कारण तुझ्या पत्रात ती चुकली होती. कंपनी कायद्याप्रमाणे एका बायबॅकमध्ये भरणा झालेलं भांडवल आणि खुली गंगाजळी यांच्या २५ टक्क्यांहून जास्त रक्कम घालता येत नाही, आणि बायबॅकनंतर कर्ज हे भांडवल आणि गंगाजळीच्या दुपटीहून जास्त असता कामा नये. दुप्पट ही मर्यादा भाव झेलणाऱ्या कंपनीसाठी फार सैल आहे. कायद्यात बसलं म्हणजे सुरक्षित असं समजू नकोस. कराचा नियम गेल्या काही वर्षांत अनेकदा बदलला आहे, म्हणून प्रत्येक वेळी त्या वर्षाचा नियम तपासूनच शेअर द्यायचे की ठेवायचे ते ठरव.

आता तुझ्या दोन्ही कंपन्यांचे वार्षिक अहवाल उतरवून घे. नफ्या-तोट्याचं पान सोड, रोख प्रवाहाचं पान उघड. धंद्यातून आलेली रोकड, त्यातून भांडवली खर्चाला गेलेली रोकड, आणि उरल्यातून लाभांश व बायबॅकला गेलेली रोकड एका कागदावर मांड. लाभांश आणि बायबॅक उरलेल्या रकमेपेक्षा जास्त दिसले तर फरक कर्जातून आला की जुन्या ठेवींतून, हे त्याच पानावर खाली सापडेल. सुरुवात २०१५-१६ आणि २०२०-२१ पासून कर. २०२२-२३ आणि त्याच्या पुढची वर्षं नंतर बघ, त्यांत सगळ्याच कंपन्या सारख्या दिसायला लागतात. ओएनजीसीचा २०१७-१८ चा अहवाल आधीच्या वर्षाशेजारी ठेव, आणि एकट्या कंपनीचे आकडे बघ, समूहाचे नको. आकडे काढून झाले की मला पाठव, मी पेन्सिलने खुणा करून परत पाठवते.

आईला सांग की लोणच्याची बरणी पोचली. तब्येतीला जप.

तुझी,
मावशीआजी